कलमतराश : शस्त्र कीं लेखनसाधन?

(१)

घरांत नित्य हातीं येणाऱ्या वस्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी वहिवाट नाहीं. तलवार, भाला, कट्यार, बिचवा यांचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या लहानशा पात्यावांचून त्या तलवारींच्या हकीकती कागदावर उतरल्याच नसत्या, त्या पात्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. हें पातें म्हणजे बोरू तासण्याचा, मिटून कलमदानांत किंवा खिशांत ठेवावयाचा चाकू. फारसी वळणाचें त्याचें जुनें नांव कलमतराश. प्रस्तुत लेखांत या वस्तूचा विचार करावयाचा आहे.

विचारास निमित्त झालें तें असें. गेल्या वर्षीं कांहीं जुन्या कागदांच्या नकला मिळविण्याकरितां मी एका सार्वजनिक कचेरींत गेलों होतों. दारावरील पहारेकऱ्यानें पिशवी उघडून पाहिली. तींत चष्मा, टिपणवही, दोन बोरू व आजोबांपासून चालत आलेला चाकू एवढाच ऐवज होता. पहारेकऱ्यानें चाकू उचलला आणि भिंतीवरील फलकाकडे बोट दाखविलें. "काका, शस्त्र आंत नेतां येत नाहीं."

मी म्हटलें, "अहो, हें शस्त्र नव्हे. बोरू तासण्याचा चाकू आहे हा."

"बोरू म्हणजे काय?" त्यानें विचारलें.

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. त्या तरुणास खरोखरच ठाऊक नव्हतें. मी बोरू काढून दाखविला. त्यानें तो उलटसुलट करून पाहिला, आदरपूर्वक परत दिला, आणि चाकू मात्र दाराजवळच्या पेटींत टाकला. नियमाप्रमाणें त्यानें केलें तें योग्यच होतें. मी मात्र दिवसभर कागद चाळीत असतां मनाशीं हाच प्रश्न घोळवीत होतों कीं, ही वस्तु कोणत्या वर्गांत घालावी? शस्त्रांच्या कीं लेखनसाधनांच्या? कोशकार असा प्रश्न शब्दांविषयीं करतात; येथें तो वस्तूविषयीं करावयाचा आहे. त्याच्या निर्णयास तीन साधनें उपलब्ध आहेत : शब्दांची साक्ष, कागदपत्रांची साक्ष, आणि वस्तूच्या रचनेची व वापराची साक्ष. या तिहींचा क्रमानें परामर्श घेऊं.

(२)

प्रथम वस्तुवर्णन. हा चाकू माझ्या आजोबांचा. जुन्नर तालुक्यांतील एका गांवचें कुळकर्ण त्यांजकडे होतें. मुंबई राज्यांतील परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें नष्ट झालीं. तोंपर्यंत गांवचा जमाखर्च त्यांनीं बोरूनें व मोडींत लिहिला. वतन गेल्यावर दप्तर सरकारांत जमा झालें. दौत, वाळूची डबी आणि हा चाकू घरीं राहिला. पुढें नाणेघाटाखालच्या मुलुखांत, म्हणजे कल्याणास व तेथून ठाण्यास, आमचें कुटुंब आलें, तेव्हां तो आमच्याबरोबर आला. सध्यां वर्तकनगरांतील आमच्या बिऱ्हाडीं तो रोजच्या वापरांत आहे.

मिटलेला असतां त्याची लांबी साडेतीन इंच व उघडला असतां सहा इंच भरते. मोठें पातें अडीच इंच लांब व अर्धा इंच रुंद आहे. दुसरें लहान पातें सव्वा इंचाचें. मूठ शिंगाची असून दोन्ही बाजूंच्या शिंगी तकटांच्या आंत पितळेचे पातळ पत्रे आहेत. सर्व भाग तीन खिळ्यांनीं जखडलेले आहेत. पातें नखानें ओढतां यावें म्हणून त्याच्या पाठीजवळ चंद्रकोरीसारखी खांच आहे. मोठ्या पात्याच्या बुडाशीं 'शेफील्ड' एवढींच रोमन अक्षरें उरलीं आहेत. कारागिराचें नांव घासून गेलें आहे. मोठ्या पात्याचें टोंक सुमारें एक यव मोडलेलें आहे. हा दोष जुना नव्हे. वर सांगितलेल्या कचेरीच्या दारावरील पेटींतून चाकू परत मिळण्यास मला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि मधल्या दिवसांत कोणीं तरी त्यानें एखाद्या डब्याचें झांकण उचकटलें असावें. साठपासष्ट वर्षें मोडी लिहिणाऱ्या हातांत जें टोंक शाबूत राहिलें, तें चार दिवसांत गेलें. तक्रार म्हणून हें लिहीत नाहीं. वस्तूच्या नोंदींत तिच्या व्यंगाचें कारण असावें, एवढ्याचसाठीं.

आंतील रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. मुठीच्या पाठीस एक पोलादी कमान आहे. पात्याच्या बुडाशीं चौकोनी टांच असून कमान तिच्यावर सतत दाब देते. पातें पूर्ण मिटलेलें किंवा पूर्ण उघडलेलें असतां कमान टांचेच्या सपाट बाजूवर बसते, म्हणून पातें आपोआप हलत नाहीं. मधल्या स्थितींत कमान उचलली जाते व जरा बळ लागतें. या कमानीस अडसर मात्र नाहीं. पात्याच्या पाठीवर उलट दाब पडला तर तें मिटतें, आणि मध्यें बोटें असतील तर बोटांवरच मिटतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. निर्णयाच्या वेळीं तिचा उपयोग होणार आहे.

(३)

आतां शब्दांची साक्ष. पहारेकऱ्यानें 'शस्त्र' म्हटलें, तें संस्कृत कोशाप्रमाणें चूक नव्हे. अमरसिंहानें सुरीचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत छुरिका, असिपुत्री व असिधेनुका यांजबरोबर 'शस्त्री' हेंहि नांव आहे. असिपुत्री म्हणजे तलवारीची लेक. हीं नांवें त्यानें क्षत्रियवर्गांत घातलीं. उलट कातरीस असलेलीं कृपाणी व कर्तरी हीं नांवें त्यानें शूद्रवर्गांत, म्हणजे कारागिरांच्या हत्यारांबरोबर दिलीं. कृपाणी याचा शब्दशः अर्थ लहान तलवार असाच होतो. तरीहि तिची जागा कारागिरांत. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते कीं, कोशकारानें वर्ग ठरवितांना नांवाकडे न पाहतां वस्तु कोणाच्या हातांत असते इकडे पाहिलें. हा नियम आपल्या प्रश्नासहि लागू पडतो.

'शस्त्र' हा शब्दहि केवळ युद्धाचा नाहीं. तो शस् या धातूपासून झाला आहे. सुश्रुतानें वैद्याच्या वीस छेदनसाधनांस शस्त्र हीच संज्ञा दिली आहे. ज्यानें कापावयाचें तें शस्त्र, मग तें जीव घेण्यासाठीं असो वा वांचविण्यासाठीं.

मराठींतील 'सुरी' हा शब्द क्षुर-छुरिका या कुळांतला. क्षुर शब्द ऋग्वेदांत येतो आणि कठोपनिषदांतील त्याच्या धारेचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. 'चाकू' मात्र तुर्की-फारसी वाटेनें आला. 'वस्तरा' हें फारसी उस्तऱ्याचें मराठी रूप. 'कलमतराश' यांतील तराश हा अंश तासणें, कोरणें या अर्थाच्या फारसी क्रियापदाचा. आमचें 'तासणें' संस्कृत तक्ष् धातूपासून आलेलें. थोडक्यांत, स्वयंपाकघरांतील पात्याचें नांव घरचें राहिलें, आणि लेखकाच्या पात्याचें नांव दरबारी भाषेंतून आलें. ज्या वस्तूबरोबर कारभाराची भाषा येते, ती वस्तु कारभारांतली असली पाहिजे, हें अनुमान सयुक्तिक आहे.

यास दूरच्या देशांतूनहि दुजोरा मिळतो. इंग्रज लोक खिशांतील मिटत्या चाकूस 'पेननाइफ' म्हणतात. पेन शब्द लॅटिन भाषेंतील पीस या अर्थाच्या शब्दापासून निघाला. तिकडे पक्ष्याच्या पिसाची लेखणी करीत व ती तासावयास हा चाकू वापरीत. पिसें गेलीं, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पोलादी टाक निघूं लागले, तरी चाकूचें नांव तिकडे टिकलें. आपल्याकडे उलट झालें. वस्तु राहिली आणि कलमतराश हें नांव गेलें. नांवाबरोबर तिचें कुळहि लोक विसरले.

शिवराज्याभिषेक १६७४ सालीं झाला, आणि त्याच सुमारास फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांजकडून सिद्ध झाला. त्याचे दहा वर्ग आहेत, आणि त्यांत शस्त्रवर्ग निराळा व लेखनवर्ग निराळा आहे. राज्याला दोन्ही लागतात, पण दोन्ही एक नव्हेत, ही दृष्टि त्या विभागणींत स्पष्ट दिसते.

(४)

आतां कागदपत्रांची साक्ष. कागदांत चाकूचा उल्लेख शोधण्यापूर्वीं कागदावरील अक्षरच वाचावें, असें माझें म्हणणें आहे. कारण प्रत्येक अक्षर चाकूच्या हातून गेलेलें असतें. हें कसें, तें समजण्यास बोरू तासण्याची रीत पाहिली पाहिजे.

जून व चांगला वाळलेला बोरू घ्यावयाचा. एका टोंकास मोठ्या पात्यानें लांब तिरपा उतार द्यावयाचा. आंतील मऊ गाभा खरवडून टाकावयाचा, नाहीं तर तो शाई पितो व अक्षर फुगतें. नंतर दोन्ही बाजू सारख्या निमुळत्या करून लहान पात्यानें मधोमध बारीक चीर पाडावयाची. शाई या चिरेंतून उतरते. शेवटीं टोंक कठिण पृष्ठावर टेकवून एकाच दाबांत तिरपा काप घ्यावयाचा. फारसी लेखक या कामास हाडाची किंवा हस्तिदंताची लहान पट्टी वापरीत. आजोबा पाटीच्या लांकडी चौकटीवर काम भागवीत. शेवटचा काप दोनदां घेतला तर टोंकास दांते येतात व प्रत्येक जाड रेघेच्या कडेस केस फुटतो. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, कित्ता गिरविण्यास आम्हां मुलांना बोरू असे, आणि गुरुजींनीं तासून दिलेल्या व आपण तासलेल्या बोरूंतला फरक पहिल्या ओळींतच उघडा पडे.

बोरू लिहितां लिहितां झिजतो. टोंक बोथट होतें, उभ्या व आडव्या रेघांच्या जाडींतील भेद कमी होतो आणि अक्षर थोरलें दिसूं लागतें. मग लेखक थांबतो, नवा काप घेतो आणि अक्षर एकाएकीं रेखीव होतें. आजोबांच्या हातच्या ज्या वह्या घरीं आहेत, त्यांत हा चढउतार मीं भिंगानें पाहिला. कोठें ओळीच्या मध्येंच रेघ बारीक झाली आहे. तेथें चाकू उघडला गेला, असें निःशंक म्हणतां येतें. स्वतः दोन बोरूंनीं पंधरा पृष्ठें लिहून मीं या गोष्टीचा पडताळा घेतला.

या निरीक्षणाचा संशोधकांस व्यावहारिक उपयोग आहे. पेशवेकालीन मोडीच्या चिटणिशी, बिवलकरी इत्यादि वळणांची चर्चा करतांना आपण हाताचें वळण पाहतों. त्याबरोबर लेखणीच्या कापाचें वळणहि पाहिलें पाहिजे. पत्राच्या शेवटीं मागाहून घातलेली ओळ पुष्कळदां शाईच्या रंगावरून ओळखतात. शाई फिकी पडते, रंग फसवितो. परंतु झिजलेल्या बोरूच्या ओळीखालीं ताज्या कापाची ओळ आली आणि मजकुरांत मात्र खंड नाहीं, तर थांबून विचार करावा. एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाहीं. लेखकानें सहज बोरू तासला असेल. तथापि दुसरा पुरावा असल्यास हा त्यास पूरक होतो. टाकानें लिहिलेल्या आंग्लकालीन मोडींत हा पुरावा नाहींसा होतो, कारण टाकास काप नाहीं. तो झिजला म्हणजे बदलतात. एका अर्थीं चाकू गेल्याबरोबर लेखकाच्या थांबण्याची खूणहि कागदावरून गेली.

कागदाच्या कडा सारख्या करणें, रुमालाची दोरी कापणें, जुन्नरी अथवा दौलताबादी जाड कागदावरील चुकलेलें अक्षर हलक्या हातानें खरवडणें, हीं कामेंहि याच पात्याचीं. खरवडलेल्या जागीं घोटलेल्या कागदाची झिलई जाते व शाई फुटते. तेव्हां खाडाखोडीच्या जागाहि चाकूची सही असतात.

(५)

पातें मुठींत मिटविण्याची कल्पना कोणा एका देशाची नव्हे. ऑस्ट्रियांतील हालश्टाट येथें हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सांपडला आहे. तो सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा मानतात. रोमन लोकांचे असे चाकू पुष्कळ उपलब्ध आहेत. त्या चाकूंत पातें केवळ खिळ्याच्या घर्षणानें राही. पाठीमागील कमानीची युक्ति युरोपांत सतराव्या शतकांत प्रसार पावली, आणि इंग्लंडांतील शेफील्ड हें तिचें मोठें केंद्र झालें. तेथील चाकूकारांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला होता. त्या गांवचा माल एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत सर्वत्र खपे. आजोबांचा चाकू त्याच ओघांत जुन्नरास पोंचला.

म्हणून मिटतें पातें आपल्याकडे नवीन होतें असें मात्र नव्हे. न्हाव्याच्या धोकटींतील वस्तरा मिटतो. पानदानांतील अडकित्ता खिळ्यावर फिरतो. त्याच्या नांवांत कानडी अडके, म्हणजे सुपारी, बसलेली आहे. आणि प्रत्येक मराठी घरांतील विळी पाहावी. पाट पायाखालीं धरून पातें उभें केलें कीं भाजी, नारळ, फणस सर्व चालतें. काम झालें कीं पातें पाटावर निजवून ठेवतात. आमच्या घरीं उघडी विळी ठेवून उठणें हा मोठा अपराध समजला जाई. "विळी निजव," हे आजीचे शब्द मला आजहि ऐकूं येतात. मिटत्या पात्यामागील नीति या दोन शब्दांत पूर्ण आली आहे. तलवारीस म्यान लागतें, तें दुसऱ्यानें करून द्यावें लागतें. मिटतें पातें स्वतःच स्वतःचें म्यान होतें. काम नसतां धार कोणासहि लागूं नये, हा त्याच्या घडणीचाच हेतु आहे.

(६)

आतां वापराची साक्ष. मोडलेल्या टोंकाचा चाकू परत मिळाल्यावर मीं तो कपाटांत न ठेवतां वर्षभर रोज खिशांत बाळगला आणि त्यानें केलेल्या कामांची टिपणें ठेविलीं. त्यांचा सारांश असा.

सर्वांत अधिक काम सुतळी, पुडे व पाकिटें यांचें. त्याखालोखाल पेन्सिलींस टोंक करणें. शेजारचीं मुलें त्यासाठीं दार वाजवितात. यंत्रांत फिरविलेली पेन्सिल लवकर मोडते, चाकूनें केलेलें लांब टोंक टिकतें, हें त्यांचें त्यांना कळलें आहे. देवाच्या दुर्वा, विड्याच्या पानांचे देंठ, कुंडींतील तुळशीच्या मंजिऱ्या, पेरू, उंसाचें कांडें, चैत्रांत कैरी व वैशाखांत हापूस, हीं ऋतूप्रमाणें येणारीं कामें. मारामारीचा प्रसंग एकदांहि आला नाहीं.

जुनें पोलाद गंजतें. ठाण्याच्या पावसाळ्यांत एक रात्र ओला राहिला तर सकाळीं पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. कैरी व लिंबू पात्यास काळें करतात आणि फळास लोखंडाची चव देतात. उपाय सोपा : लगेच पुसावें व खोबरेलाचें बोट फिरवावें. माझ्या जांवयांनीं आणून दिलेला स्वित्झर्लंडचा एक बहुपाती चाकू घरांत आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष कार्ल एल्सेनर यानें १८९१ पासून तिकडील सैन्यास चाकू पुरविले व १८९७ सालीं अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. त्याचें पोलाद न गंजणारें आहे. या जातीचें पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं सिद्ध केलें. फळें कापावयास नवा चाकू निःसंशय बरा. परंतु माझ्या घरच्या निसण्यावर त्यास धार चढावयास फार वेळ लागतो, आणि बोरूचा शेवटचा काप आजोबांच्या पात्यानें जसा स्वच्छ येतो तसा त्यानें येत नाहीं.

धारेच्या बाबतींत मीं सुश्रुताचें साहाय्य घेतलें. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत शस्त्रांची निगा सांगितली आहे. तेथें पाण्याचे तीन प्रकार आहेत : क्षाराचें, उदकाचें व तेलाचें. यास सुश्रुत 'पायना', म्हणजे पाजणें, म्हणतो; आमचा लोहार आजहि पात्यास पाणी पाजतों असेंच म्हणतो. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धार बसविण्यास शाल्मलीची फळी सांगितली आहे. शाल्मली म्हणजे आपली सावर. पावसाळ्यापूर्वीं आमच्या आवारांतील सावरीची फांदी छाटली गेली, तिचा एक तुकडा मीं सुकवून रंधून घेतला. हें लांकूड हलकें व मऊ असतें. आगपेट्यांच्या काड्यांस तें वापरतात. निसण्यानंतर पातें त्या फळीवर पाठीकडून ओढलें असतां धारेवरील बारीक कांटा निघून जातो. चामड्याच्या पट्ट्यावर न्हावी जें साधतो, तेंच येथें साधतें. सुश्रुतानें सुतीक्ष्ण शस्त्राची परीक्षा केस कापला जाण्यावर ठेविली आहे. मनगटावरील केसावर मीं ती करून पाहिली; पातें उतरलें.

त्याच अध्यायांत शस्त्राचे आठ दोष गणले आहेत : वांकडें, बोथट, तुटलेलें, खरबरीत धारेचें, फार जाड, फार बारीक, फार लांब, फार आंखूड. माझ्या चाकूस यांपैकीं तिसरा दोष लागला आहे. वाग्भटानें शस्त्रें ठेवण्यास नऊ अंगुळें रुंद व बारा अंगुळें लांब असा मऊ कापडाचा अथवा चामड्याचा कोश सांगितला, तो असेच दोष टाळण्यासाठीं.

मोडलेलें टोंक घासून नवें करावें, असें पुष्कळांनीं सुचविलें. वर्तकनगराच्या शेजारीं जे. के. ग्राम आहे, त्याच परिसरांत १९२५ पासून रेमंडची लोंकरी कापडाची गिरणी चालली आणि पुढें कानशी करण्याचा कारखाना चालला. आतां तेथील गिरणी बंद झाली आहे, परंतु तेथें काम केलेलीं माणसें अद्याप आमच्या वस्तींत आहेत. अशाच एका निवृत्त कामगारानें चाकू हातांत घेऊन पाहिला. पात्याचें माप त्यानें अंगठ्यानें घेतलें आणि म्हणाला, "मास्तर, घासून टोंक येईल, पण पातें आंखूड होईल. मग तुमच्या आजोबांचा नाहीं राहणार." सुश्रुताच्या यादींत तुटलेलें व आंखूड हे दोन दोष निराळे आहेत, एक काढतांना दुसरा घालूं नये, हेंच तो सांगत होता. टोंक मीं तसेंच ठेविलें.

(७)

मग ही वस्तु शस्त्र म्हणून केव्हां गणली जाऊं लागली? याचीं कारणें दोन दिसतात.

पहिलें कारण, लेखनांतील तिचें स्थान गेलें. पोलादी टाक आले. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांत मोडीच्या जागीं बाळबोध मुख्य करण्याचें ठरविलें. पुढें कित्येक दशकें मोडी शाळांतून व घरगुती व्यवहारांतून रेंगाळली. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी गेले. नंतर झरण्या व गोळ्यांच्या लेखण्या सर्वत्र झाल्या. ज्याच्या हातांत चाकू असावयाचा तो लेखकच उरला नाहीं.

दुसरें कारण, त्याच काळांत दुसऱ्या जातीचा मिटता चाकू प्रसिद्धीस आला. उत्तर हिंदुस्थानांतील रामपूर या संस्थानी गांवाच्या नांवाचा लांब पात्याचा चाकू हिंदी चित्रपटांतून घरोघर पोंचला, आणि 'रामपुरी' हें मराठींत जणूं सामान्यनाम झालें. लोकांच्या मनांत खिशांतील चाकू म्हणजे गुंडाचा चाकू हें समीकरण बसलें. वास्तविक रामपुरी चाकूचें पातें उघडल्यावर अडसरानें पक्कें बसतें. कलमतराशास अडसर नाहीं. वर दुसऱ्या कलमांत सांगितल्याप्रमाणें तो कोणावर खुपसूं गेल्यास धरणाऱ्याच्याच बोटांवर मिटेल. घडविणाऱ्यानें तो ओढून कापण्यासाठीं केला, भोंसकण्यासाठीं नव्हे. त्याची यंत्ररचना त्याच्या निर्दोषपणाची साक्ष देते, आणि ही साक्ष शब्दांच्या साक्षीहून बलवत्तर आहे.

कायद्यानेंहि हा भेद केला आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें परवान्याच्या कक्षेंत घातलीं, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीं केलेलीं वगळलीं. अर्थात् कोणत्याहि इमारतीस आपल्या दारापुरता अधिक कडक नियम करण्याचा अधिकार आहे, व आजच्या काळांत तो कां करावा लागतो हें कोणासहि समजण्यासारखें आहे. माझें म्हणणें पहारेकऱ्याविरुद्ध नाहीं. त्याच्यापुढें दोनच वर्ग ठेवले होते, आंत नेण्याजोगें आणि न नेण्याजोगें. वस्तूचें कुळ सांगण्याचें काम त्याचें नव्हे, आपलें आहे. आणि तें आपण केलें नाहीं.

(८)

निष्कर्ष असा. अमरसिंहाच्या रीतीप्रमाणें वस्तु कोणाच्या हातांत असते हें पाहिलें, तर कलमतराश लेखकाचा. नांवाचें कुळ पाहिलें, तर कारभाराचें. कागदावरील खूण पाहिली, तर प्रत्येक बोरूच्या अक्षरांत त्याचा काप. रचना पाहिली, तर युद्धास निरुपयोगी. म्हणून राज्यव्यवहारकोशाची भाषा वापरावयाची तर त्याची जागा शस्त्रवर्गांत नसून लेखनवर्गांत आहे.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढें बावीस खंड झाले. १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग निघाले. या थोर श्रमांमुळें कागद वांचले. नित्याच्या वस्तूहि इतिहासाचें साधन होतात, हें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयानें अडकित्त्यांच्या व दिव्यांच्या संग्रहानें दाखवून दिलें आहे. तरीहि घरोघर जुनीं दप्तरें संस्थांस देतांना काय होतें तें मीं अनेकदां पाहिलें आहे. रुमाल सोडून कागद दिले जातात. दौत शोभेच्या कपाटांत जाते. आणि गंजलेला चाकू भंगारांत. ठाण्यांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, वर्तकनगरांतहि तेंच चाललें आहे. प्रत्येक घर हलतांना अशा वस्तूंची एक पिढी नाहींशी होते.

ज्यांच्या घरीं कुळकर्णी, देशपांडे, फडणीस अथवा शाळामास्तर यांचे चाकू असतील, त्यांनीं ते टाकूं नयेत. मिटलेली व उघडलेली लांबी, पात्यांची संख्या, मुठीचा जिन्नस, पात्यावरील ठसा, कोणाच्या हातचा, आणि त्याच हातचे कागद उपलब्ध आहेत कीं नाहींत, एवढें टिपून ठेवावें. चाकू व कागद एकत्र राहिले तर दोघांचीहि किंमत वाढते. निराळे झाले तर चाकू भंगार होतो आणि कागदाचा एक साक्षीदार जातो.

माझ्या चाकूची नोंद मीं वर केलीच आहे. त्यांत मोडलेल्या टोंकाचाहि उल्लेख आहे. पुढें कोणीं अभ्यासकानें तो आजोबांच्या वह्यांशीं ताडून पाहिला, तर हा दोष त्यांच्या हातचा नव्हे, मागाहूनचा आहे, एवढें त्यास कळावें.